पाण्याआधी वार्ता

पुणे शहराच्या मध्यातून वाहणारी मुळामुठा पूर्वेकडे वळत वळत शेवटी रांजणगाव सांडस या गावाजवळ भीमेस मिळते. अष्टविनायकांतील महागणपतीचे रांजणगाव ते निराळे. ते अहमदनगरच्या जुन्या रस्त्यावर आहे. आमचे हे रांजणगाव त्याच्या दक्षिणेस, भीमेच्या काठी वसलेले, आणि येथे नदीच्या एका अंगास शिरूर तालुका तर दुसऱ्या अंगास दौंड तालुका आहे. इंद्रायणीस तुळापुरापाशी पोटात घेऊन आलेली भीमा आणि पवना, मुळा, मुठा, मोसे, आंबी या साऱ्यांचे पाणी घेऊन आलेली मुळामुठा येथे एक होतात. गावाच्या नावाची व्युत्पत्ती काहीही असो, मावळाच्या डोंगरांवर पडलेले पाणी अखेर ज्यात साठून यावे असा हा एक रांजणच आहे, असे येथे पावसाळ्यात उभ्या राहणाऱ्यास वाटल्यावाचून राहत नाही.

या ठिकाणी नदी म्हणजे नुसते पाणी नव्हे. ती वरच्या मुलखाची बातमीही आहे. पुण्यास बंडगार्डनच्या बंधाऱ्याशी नदीतून किती पाणी जात आहे आणि पुढे दौंडाशी किती जात आहे, हे दोन आकडे पावसाळाभर वृत्तपत्रांत छापून येतात. उजनीचे धरण किती भरेल याचा अंदाज सोलापूरकर त्यांवरूनच बांधतात. या दोन ठिकाणांच्या मधोमध रांजणगाव आहे. खडकवासल्यातून पाणी सुटल्याची वार्ता कानी पडली की नदीकाठचा शेतकरी काठावर बसविलेली आपली मोटर आणि पाइप वर ओढून घेतो, जनावरे सोडून उंचावर नेतो, आणि मग स्वस्थ बसून पाण्याची वाट पाहतो. पाणी येथे पोहोचण्यास कित्येक तास लागतात; वार्तेस क्षणही लागत नाही. या दोहोंमधील जे अंतर, तेवढेच मनुष्याच्या हाती असते. पुराच्या पूर्वसूचनेचा सारा इतिहास हे अंतर वाढविण्याच्या खटपटीचा इतिहास आहे.

अलीकडे शहरांतील पुराची आगाऊ सूचना मिळावी म्हणून नाल्यांवर, पुलांखाली आणि इमारतींच्या गच्च्यांवर सेन्सर, म्हणजे संवेदक यंत्रे, बसविण्याची मोठी चर्चा चालू आहे. ही यंत्रे आली म्हणजे शहरे निर्भय होतील, असा एक समज सुशिक्षित वर्गात पसरत आहे. यंत्रांविषयी आम्हास अनादर नाही. परंतु इतिहास वाचणाऱ्यास असा प्रश्न विचारण्याची खोड असते की, आजवर जे लोक पुरात बुडाले ते पाणी मोजता न आल्यामुळे बुडाले, की मोजलेले त्यांना कोणी सांगितले नाही म्हणून बुडाले? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच प्रांताच्या इतिहासात शोधावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पाणी मोजण्याची विद्या फार प्राचीन आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापाशी एक अरत्नी रुंदीचे भांडे ठेवून पाऊस मोजावा असे सांगितले आहे, आणि निरनिराळ्या देशांचे पर्जन्यमानही दिले आहे. अवंतीस तेवीस द्रोण पाऊस पडतो असे मोजून सांगणारा तो ग्रंथकार अपरान्ताची, म्हणजे आपल्या कोकणाची, गोष्ट निघताच तेथील पाऊस अमित असल्याचे सांगून मोकळा होतो. कोकणातील पावसाचा अनुभव असलेल्या वाचकांस त्याची अडचण समजेल! मिसर देशात कैरोजवळील रोडा बेटावर इ. स. ८६१ मध्ये बांधलेला नाईलमापक स्तंभ आजही उभा आहे. नदी त्यावर किती हात चढली यावरून पिकांचा आणि साऱ्याचा अंदाज बांधीत.

पण पूर मोजण्याची आमच्या लोकांची खरी रीत पाहावयाची असेल तर नाशिकास जावे. तेथे गोदावरीच्या पात्रात दुतोंड्या मारुतीची भव्य मूर्ती आहे. पाणी मारुतीच्या गुडघ्यापर्यंत आले, कमरेस लागले, छातीपर्यंत चढले, अशा भाषेत नाशिककर पुराची चौकशी करतात. पाणी मारुतीच्या गळ्याशी आले की काठच्या बाजारपेठेतील दुकानदारास कोणी नोटीस द्यावी लागत नाही. पूर नारोशंकराच्या देवळावरील घंटेस लागला म्हणजे तो महापूर, हा तेथील दुसरा संकेत. नरसोबाच्या वाडीस कृष्णेचे पाणी श्रींच्या पादुकांवरून दक्षिणेकडील दाराने वाहू लागले की दक्षिणद्वार सोहळा होतो. भाविकांस ते स्नानाचे पर्व, आणि खालच्या गावांस तोच पुराचा इशारा. सांगलीस इ. स. १९२९ मध्ये आयर्विन पूल झाल्यापासून त्यावरील फुटांच्या खुणा हीच नगराची नाडी झाली. चाळीस फूट म्हणजे इशारा आणि पंचेचाळीस फूट म्हणजे धोका, हे तेथील शाळकरी मुलासही पाठ असते. इ. स. २०१९ च्या ऑगस्टात पाणी या पुलाशी ५७ फुटांवर गेले तेव्हा तो आकडा ऐकताच आपल्या घरात पाणी कोठवर आले असेल हे परगावी असलेल्या सांगलीकरासही उमगले.

या जुन्या खुणांत एक गुण होता, तो आम्हास फार मोलाचा वाटतो. त्या सर्वांच्या डोळ्यांसमोर होत्या, सर्वांच्या भाषेत होत्या, आणि त्यांचा अर्थ सांगण्यास मध्ये अधिकारी लागत नसे. त्यांतील उणीवही उघड आहे. मारुतीच्या छातीशी आलेले पाणी हे आलेले पाणी होय, येणारे नव्हे. येणाऱ्या पाण्याची वार्ता हवी तर मोजणारा नदीच्या वरच्या अंगास बसला पाहिजे, आणि त्याचा शब्द पाण्याहून जलद धावला पाहिजे. घोडेस्वाराच्या काळात हे जवळजवळ अशक्य होते. तारायंत्राने ते शक्य केले. फ्रान्समध्ये बेलग्रां या स्थापत्यविशारदाने इ. स. १८५४ पासून सेन नदीच्या उपनद्यांवरील मापे गोळा करून पॅरिसला आगाऊ सूचना देण्याची व्यवस्था बसविली. आपल्याकडे हवामान खाते इ. स. १८७५ मध्ये स्थापन झाले. त्याची मुख्य कचेरी इ. स. १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आली, आणि शिवाजीनगरातील ती वास्तू अद्यापि 'सिमला ऑफिस' याच नावाने ओळखली जाते. नदीच्या पुराचे पद्धतशीर भाकीत मात्र इ. स. १९५८ मध्ये दिल्लीस यमुनेवर प्रथम सुरू झाले.

तारायंत्र आल्याने प्रश्न सुटला असे मात्र झाले नाही. अमेरिकेत जॉन्सटाउन नावाचे एक लोखंडाच्या कारखान्यांचे शहर आहे. ३१ मे १८८९ रोजी त्याच्या वरच्या अंगाचे साउथ फोर्क धरण फुटले आणि दोन हजार दोनशेहून अधिक माणसे मेली. धरण फुटण्याआधी खाली तारा गेल्या होत्या. पण हे धरण फुटणार अशी आवई पूर्वी इतक्या वेळा उठली होती की कोणी ती मनावर घेतली नाही. 'लांडगा आला रे आला' ही आपल्या लहानपणची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. तिच्यात मेंढ्या गेल्या, येथे माणसे गेली. वार्ता जलद पोहोचणे निराळे आणि ती खरी वाटणे निराळे, हा या दुर्घटनेने जगास शिकविलेला पहिला धडा.

दुसरा धडा आम्हा पुणेकरांस आमच्याच नदीने दिला. आंबी नदीवरील पानशेतचे धरण इ. स. १९६१ मध्ये पुरते झालेही नव्हते, तोच त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठविले गेले. पोलादाच्या टंचाईमुळे पाणी सोडण्याच्या मोरीचे काँक्रीट सळयांवाचूनचे राहिले होते. जुलैच्या ११ तारखेस बांध खचू लागला, आणि त्या रात्री लष्कराचे जवान भर पावसात वाळूची पोती रचीत राहिले. त्या जवानांच्या श्रमामुळे धरण रात्री न फुटता १२ जुलैच्या सकाळी फुटले. ते झोपेच्या वेळी फुटते तर प्राणहानी कितीतरी अधिक झाली असती. खडकवासल्याचे जुने धरण हा लोंढा काही काळ अडवून अखेर तेही फुटले. नारायण पेठ, शनिवार पेठ, डेक्कन जिमखाना हे भाग पाण्याखाली गेले, लकडी पूल बुडाला, आणि पूर ओसरल्यावर ज्या शहरात घराघरांत चिखल भरला होता, त्याच शहरास प्यावयास पाणी उरले नाही.

या प्रसंगाकडे सूचनेच्या दृष्टीने पाहिले म्हणजे मन विषण्ण होते. येथे मोजमापाची उणीव नव्हती. खडकवासल्यास तर धरणांचा व नद्यांचा अभ्यास करणारी, इ. स. १९१६ पासून चालत आलेली संशोधन संस्था होती. धरण संकटात आहे हे आदल्या दिवशीच ठाऊक होते. त्यावाचून का शेकडो जवान रात्रभर पोती वाहत होते? तरीही त्या सकाळी पुण्यात नित्याचे व्यवहार सुरू झाले, मुले शाळांत गेली, आणि अनेकांस संकटाची पहिली बातमी पाण्यानेच दिली. जाणणारे आणि बुडणारे यांच्यामध्ये कित्येक तासांचे अंतर होते, आणि ते अंतर वाया गेले. लोक घाबरतील ही भीती, बांध टिकेल ही आशा, आणि आपण बोलावे की वरिष्ठांनी बोलावे हा संकोच, या तिन्हींचे वजन अशा प्रसंगी पाण्याइतकेच जड असते.

आता मुंबईकडे वळू. कारण यंत्रांचा प्रश्न तेथे खऱ्या अर्थाने उभा राहिला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच शहरात, त्याच चोवीस तासांत, कुलाब्याच्या वेधशाळेत मोजला गेलेला पाऊस होता ७३ मिलिमीटर. दक्षिण मुंबईत कचेरीत बसलेल्या मनुष्यास कुर्ल्यात आणि कालिन्यात काय चालले आहे याची कल्पना येऊ नये, यात नवल नव्हते. त्याच्या खिडकीबाहेर साधा पावसाळी दिवस होता. मिठी नदीचे पाणी वस्त्यांत शिरले, रेल्वे थांबल्या, माणसे मोटारींत गुदमरून मेली. येथे मात्र मोजमाप अपुरे होते यात शंका नाही. एवढ्या अवाढव्य नगरास दोन वेधशाळा म्हणजे हत्तीच्या सोंडेस आणि शेपटीस हात लावून त्याचे वर्णन करण्यासारखे होते.

यातून मुंबई शिकली. पुढच्याच वर्षापासून महापालिकेने अग्निशामक केंद्रांवर व विभाग कार्यालयांवर स्वयंचलित पर्जन्यमापके बसविली. या यंत्राचे तत्त्व इतके सोपे आहे की ते मुलासही समजावे. विळीसारख्या आसावर तोललेली दोन इवलीशी पात्रे असतात. एकात ठरावीक पाणी साचले की ते कलंडते आणि दुसरे त्याच्या जागी येते. दर कलंडण्यास एक ठोका मोजला जातो, आणि किती ठोके पडले हे दूरच्या कचेरीत काही मिनिटांत कळते. ही युक्ती सतराव्या शतकात लंडनचे सेंट पॉल मंदिर बांधणाऱ्या क्रिस्टोफर रेनने काढलेली. आपल्या काळाने तिला विजेची वाचा दिली. नदीवर व नाल्यांवर पुलाखाली दुसरे एक यंत्र टांगतात. ते पाण्याकडे लहरी सोडते, त्या परत येण्यास किती वेळ लागला यावरून पाणी किती खाली आहे हे ओळखते, आणि ती वार्ता उपग्रहामार्फत किंवा दूरध्वनीच्या जाळ्यातून पाठविते. हे सारे आकडे, भरतीची वेळ, जमिनीची उंचसखल आणि हवामान खात्याचे अनुमान एकत्र गुंफून कोणत्या विभागात किती पाणी तुंबेल हे आगाऊ सांगणारी 'आय-फ्लोज' ही योजना केंद्राच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाने आणि मुंबई महापालिकेने १२ जून २०२० रोजी सुरू केली. हे कार्य खरोखर अभिनंदनीय आहे.

पुण्याचा अनुभव मात्र अजून निराळे बोलतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूस मुसळधार पाऊस झाला आणि आंबील ओढा फुगला. पेशव्यांनी ज्याचा प्रवाह वळविला होता, आणि पुढे शहराने ज्यास गटार समजून विसरून टाकले होते, तो ओढा त्या रात्री आपली जुनी वाट शोधीत घराघरांत शिरला. शहरात व आसपास वीसहून अधिक माणसे गेली. तेथे धरण नव्हते, सोडलेले पाणी नव्हते. डोंगरउतारावर पडलेले पाणी काँक्रीटवरून घसरत तासा-दोन तासांत खाली आले. अशा ओढ्यास नदीवरील मापक निरुपयोगी होय. तेथे डोंगरावरच्या पावसाचा ठोका ऐकणारे यंत्रच हवे, कारण रांजणगावास जे कित्येक तास मिळतात त्यांतले आंबील ओढ्याच्या काठच्या कुटुंबास फार तर पाऊण तास मिळतील. संवेदक यंत्रांची खरी योग्यता येथे आहे, आणि ती आम्ही मोकळ्या मनाने मान्य करितो.

पण २५ जुलै २०२४ ची गोष्ट घ्या. त्या पहाटे खडकवासल्यातून सोडलेले पाणी वाढत वाढत पस्तीस हजार क्युसेकांवर गेले. सिंहगड रस्त्यावरील एकता नगरी आणि तिच्या आसपासच्या वसाहतींत लोक जागे झाले ते खालच्या मजल्यांत पाणी शिरल्यावर. त्यांस बाहेर काढण्यास लष्करास यावे लागले. आपल्याला वेळीच कळविले गेले नाही, ही तेथील रहिवाशांची तक्रार होती. येथे तर पाणी मनुष्याच्या हाताने, दरवाजे उघडून, मोजून सोडलेले! त्याहून अचूक संवेदक कोणता असणार? आणि समजा, त्या आकड्याची वार्ता कोणाच्या कानी वेळेवर पडलीही. एक क्युसेक म्हणजे सेकंदास सुमारे अठ्ठावीस लिटर, हे जाणणाऱ्या गृहस्थासही पस्तीस हजार क्युसेक म्हणजे आपल्या जिन्याची कितवी पायरी, हे कसे कळावे? नाशिककरास मारुतीची कंबर जे सांगते, ते पुणेकरास हा आकडा सांगत नाही.

ही केवळ आमचीच तऱ्हा आहे असेही नव्हे. स्पेनमध्ये व्हॅलेन्सिया प्रांतात २९ ऑक्टोबर २०२४ रोजी महापूर येऊन दोनशेहून अधिक लोक मेले. हवामान खात्याने सकाळीच गंभीर इशारा दिला होता. लोकांच्या खिशातील दूरध्वनींवर धोक्याची घंटा वाजली ती रात्री आठनंतर, जेव्हा अनेक गावांतून पाणी वाहत होते. सर्व यंत्रे होती, शास्त्रज्ञ होते, संदेशाचे साधन होते. नव्हता तो वेळेवर निघालेला हुकूम. आपल्याकडे यास वरातीमागून घोडे म्हणतात.

तेव्हा आमच्या प्रश्नाचे उत्तर वाचकांच्या ध्यानात आले असेल. पूर्वसूचना ही चार कड्यांची साखळी आहे: मोजणे, कळविणे, ठरविणे आणि विश्वास ठेवणे. संवेदक यंत्र पहिली कडी भक्कम करिते, दुसरीस वेग देते. तिसरी आणि चौथी कडी माणसांच्याच हातची राहते. मुंबईत २००५ साली पहिली कडी तुटली, आणि आंबील ओढ्यावर ती अजून घडवावयाची आहे. परंतु पानशेतच्या वेळी, सिंहगड रस्त्यावर आणि व्हॅलेन्सियात पुढची कडी तुटली, आणि जॉन्सटाउनास शेवटची. ज्या कडीवर पैसा खर्च होतो ती दिसते. तिचे उद्घाटन करता येते, छायाचित्र काढता येते. ज्या कडीसाठी केवळ निर्णयाचे धैर्य आणि लोकांशी नित्याचे खरे बोलणे लागते, तिचे उद्घाटन कोणी करीत नाही.

म्हणून यंत्रे अवश्य बसवावी, पण त्यांबरोबर तीन गोष्टी व्हाव्या, अशी आमची विनंती आहे. पहिली, पाणी अमुक खुणेवर आले की इशारा जावयाचाच, हे आधी ठरवून ठेवावे. ऐन वेळी परवानगीची वाट पाहण्याची पाळी कोणा कारकुनावर येऊ नये. दुसरी, आकडे कचेरीच्या पडद्यावर न ठेवता चव्हाट्यावर मांडावे, आणि प्रत्येक वस्तीत एखाद्या भिंतीवर, देवळावर, पुलाच्या खांबावर रंगाच्या पट्ट्याने लिहावे की धरणातून इतके पाणी सुटले म्हणजे ते येथवर येते. तिसरी, इशारा देऊन पूर न आला तर त्याचे कारण दुसऱ्या दिवशी उघडपणे सांगावे. चुकीची कबुली देणाऱ्याचा पुढचा शब्द लोक मानतात. यांतील एकाही गोष्टीस फारसा पैसा लागत नाही.

आम्ही आरंभी रांजणगावच्या संगमावर उभे होतो, तेथेच लेख संपवू. शहराच्या मानाने हे लहान गाव. येथे ना वेधशाळा, ना नियंत्रण कक्ष. तरी पुण्याचे पाणी येण्यापूर्वी येथील शेतकऱ्याची मोटर बहुधा वर आलेली असते, कारण बंडगार्डनच्या आकड्याचा आपल्या बांधाशी काय संबंध आहे हे त्याने वर्षानुवर्षे पाहून ठरविले आहे. 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' अशी आपली म्हण आहे. नदीच्या वाटेवर पुढे उभे असलेले शहर तीनदा ठेचकाळले. मागे असलेले गाव शहाणे झाले. आता हे शहाणपण नदीच्या उलट दिशेने, खालून वर, पुण्यापर्यंत चढले पाहिजे. पाणी तसे कधी चढत नाही. वार्तेस मात्र ते अशक्य नाही.